हिरामणशेठचा आवाज

हिरामणशेठने बोलावलंय, असा निरोप आला तेव्हा सुगत वाठोरे मोरीतल्या आरशासमोर दाढी करत होता. एक गाल झाला होता, एक राहिला होता. त्याने टॉवेलने फेस पुसला, शर्ट चढवला आणि बायकोला, राजश्रीला सांगितलं की तासाभरात आलो नाही तर बाबांना कंपनीत फोन कर.

घाबरायला कारण होतं. आदल्या आठवड्यात सुगतने नेरूळच्या एका कॅफेत स्टँड-अप केलं होतं. आपल्या घरमालकाची, म्हणजे हिरामणशेठची नक्कल. इमारतीत नवी लिफ्ट बसली तेव्हा शेठने नारळ फोडून भाषण केलं होतं, त्यातलं सुगतने उचललं. आधी घसा खाकरायचा, मग एक बारीक खोकला, मग शेठचं ते ठरलेलं "आनि काय हाय…" आणि पुढे, "ही लिफ्ट वर पन जाते, खाली पन येते. इरोधकांची लिफ्ट फक्त वर जाते. खाली त्यांना यायचंच नाय." कोणीतरी ते मोबाइलवर टिपलं आणि दोन दिवसांत ते घणसोलीच्या घराघरांत पोचलं. माणसं कणसाला मीठ लावता लावता ते ऐकत होती.

हिरामणशेठ म्हणजे गावातलं जुनं आगरी घराणं. शेतं, मिठागरं नव्या शहरात गेली, तेव्हा हाती राहिलेल्या जागेवर त्यांनी इमारती उठवल्या आणि खोल्या भाड्याने दिल्या. मधली काही वर्षं ते नगरसेवक होते. पद गेलं तरी गावात त्यांचा शब्द होता. कोणाचं पाणी तुटलं, कोणाचं पोरगं पोलिसांनी उचललं, कोणाला इस्पितळात खाट मिळेना, की माणूस शेठच्या अंगणात जाऊन उभा राहायचा. सुगतचे वडील मारोती हिंगोलीकडून आले आणि रबाळ्याच्या एमआयडीसीत पुठ्ठ्याचे खोके करणाऱ्या कंपनीत लागले, तेव्हापासून ते याच शेठचे भाडेकरू. सुगतची आई आजारी पडली तेव्हा तिला आपल्या गाडीतून शेठनेच नेलं होतं, आणि ती गेल्यावर बुद्धवंदनेला शेठ सगळ्यांत मागे, चटईवर बसून राहिले होते. अशा माणसाची नक्कल आपण चव्हाट्यावर केली, हे सुगतला वाटेत चालताना पहिल्यांदा नीट कळलं.

शेठ झोपाळ्यावर बसले होते. सभोवती आठ-दहा माणसं. शेठ म्हणाले, "कर."

सुगतने केलं. आवाज बरोबर लागला. शेवटचं वाक्य संपलं तरी कोणी हसेना, कारण सगळे शेठकडे बघत होते. मग शेठ हसायला लागले. हसता हसता खरा खोकला आला, डोळ्यांतून पाणी आलं, सुनेने पाणी आणून दिलं. जरा दम खाऊन शेठ म्हणाले, "खोकला तू मागना घेतोस. माजा खोकला आदी येतो, मंग मी घसा साफ करतो. परत कर." सुगतने परत केलं. शेठने त्याला पंगतीला आपल्या शेजारी बसवून जिताडा माशाचं कालवण वाढायला लावलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आजपासून हा आपला मानूस."

घरी येऊन सुगतने हे सांगितलं तेव्हा राजश्रीचा जीव भांड्यात पडला. ती नेरूळला एका इस्पितळाच्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेण्याचं काम करायची. माणसं कशाला घाबरतात ते तिला रोज दिसायचं. आपला माणूस म्हणजे काय, एवढंच मारोतीबाबांनी विचारलं. सुगतने ते हसण्यावारी नेलं.

त्याआधी सुगतची अभिनयातली कमाई म्हणजे कॉलेजच्या एकांकिका आणि टीव्हीवरच्या एका विनोदी कार्यक्रमातली मागच्या रांगेतली कामं. एकदा हवालदार, एकदा वरातीतला बेंजोवाला, आणि एकदा स्किटभर प्रेत. प्रेताचं काम त्याने मनापासून केलं होतं. नाकावर माशी बसली तरी हलला नव्हता. आता मात्र दारं उघडली. शेठच्या ओळखीने एका निर्मात्याकडे जाणं झालं, आणि त्याच विनोदी कार्यक्रमात त्याला गावच्या पुढाऱ्याचं कायमचं पात्र मिळालं. पात्राचं नाव वेगळं होतं, आवाज शेठचा. एका सिनेमातही दोन प्रसंग मिळाले, तिथेही पुढारी. शेठने वाठोऱ्यांना मागच्या अंधाऱ्या खोलीतून रस्त्याकडच्या उजेडाच्या खोल्यांत आणलं. नको म्हणायची सोयच ठेवली नाही. सामान त्यांच्या माणसांनीच उचललं.

त्या बदल्यात कोणी काही मागितलं असं नाही. फक्त बोलावणी यायची. शेठचा वाढदिवस, पुतण्याची हळद, गावच्या क्रिकेटच्या मॅचेस, गणपती. सुगतने माइक घ्यायचा, खोकायचं, "आनि काय हाय" म्हणायचं. लोक मंडप डोक्यावर घ्यायचे. एका हळदीच्या दिवशी त्याचं मोठं ऑडिशन होतं. तसं त्याने सांगितलं तेव्हा शेठ नुसते म्हणाले, "जा की." पण ते अशा तऱ्हेने म्हणाले की सुगत गेला नाही.

पुढे एक चमत्कारिक गोष्ट झाली. शेठच सुगतसारखे बोलायला लागले. लोक हसतात म्हटल्यावर ते मुद्दाम खोकायचे, "आनि काय हाय" पूर्वी सभेत एकदा यायचं ते दर वाक्याला यायला लागलं. कोणी कोणाचं उचललंय ते आम्हा गावकऱ्यांनाही कळेनासं झालं.

सुगतला दुसरं काही करायचं होतं. त्याने बाबांवर एक स्टँड-अप लिहिलं. मशीनच्या आवाजात उभी हयात गेलेला माणूस घरी टीव्हीचा आवाज का वाढवतो, सुट्टीच्या दिवशीही गजराशिवाय का उठतो, असलं. त्यात हसूही होतं. कॅफेत तो ते बोलायला लागला, पहिली दोन-तीन मिनिटं लोकांनी ऐकून घेतलं, आणि मग मागून कोणीतरी म्हणालं, शेठ कर ना. मग दुसऱ्याने म्हटलं. सुगतने थोडा वेळ ओढून नेलं आणि शेवटी खोकला. टाळ्या पडल्या. ऑडिशनलाही तसंच. एका सिनेमात वॉर्डबॉयचं काम होतं, जवळजवळ मुकं. त्यासाठी तो आठवडाभर राजश्रीच्या इस्पितळात जाऊन तिथल्या वॉर्डबॉयना न्याहाळत बसला होता. कॅमेऱ्यासमोर पहिलंच वाक्य बोलला तर दिग्दर्शक हसला. म्हणाला, सॉरी यार, तू तोंड उघडलंस की मला तो नेताच दिसतो.

त्यानंतरच्या थंडीत शेठना झटका आला. सकाळी न्हाणीघरात पडले. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. बोलायला गेले की तोंडातून एकच शब्द यायचा, "आनि." पुढचं येत नसे. "आनि… आनि…" करत ते समोरच्याच्या तोंडाकडे बघायचे, जणू पुढचा शब्द त्याच्याकडे ठेवायला दिलाय.

घराबाहेर हे कोणाला कळलं नाही. शेठच्या घशाचं ऑपरेशन झालंय, फार बोलायला आणि भेटायला मनाई आहे, एवढंच गावात सांगितलं गेलं. कारण पालिकेची निवडणूक तोंडावर होती, प्रभाग महिलांसाठी राखीव झाला होता आणि शेठची सून वैजयंती उभी राहायची होती. वैजयंती हुशार बाई. शेठच्या कार्यालयाचं सगळं काम तीच बघायची. पण गाव मत देणार होतं ते शेठच्या शब्दाला, हे तिला पक्कं माहीत होतं.

तिने आधी ऐरोलीच्या एका पोराकडून कॉम्प्युटरवर शेठचा आवाज करवून घेतला. तो इतका गुळगुळीत निघाला की शेठच्या ड्रायव्हरनेच मान हलवली. त्या आवाजाला दम लागत नव्हता. मग वैजयंतीने सुगतला बोलावलं. मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्षांचा फोन येणार होता. ती म्हणाली, "दोनच वाक्यं बोल, सुगत. मामांना बोलता आलं असतं तर त्यांनी हेच सांगितलं असतं."

शेठ पलीकडच्या खोलीत होते, दार उघडं होतं. सुगतने हळू आवाजात दोन वाक्यं सांगितली. फोनवरचा म्हातारा अध्यक्ष गहिवरला. सुगत घरी आला आणि जेवलाच नाही.

दोन वाक्यांची चार झाली. मोबाइलवर पाठवायचे निरोप झाले, गल्लीवार, आडनावं घेऊन. टीव्हीच्या शूटिंगहून परत आला की सुगतला शेठच्या कार्यालयातल्या आतल्या खोलीत बसवायचे. घरी राजश्री बघत होती. एकदा तो तिला मीठ मागताना खोकला आणि मग घसा साफ करून मीठ मागितलं. ती म्हणाली, "तुला कळतंय का, तू आता घरातपण त्यांच्यासारखा बोलतोस." त्याला कळलं नव्हतं.

प्रचाराच्या शेवटच्या दिवसांत शेठ दिसायलाच हवेत, असं गावातून यायला लागलं. तेव्हा वैजयंतीने उघड्या टपाची नाही, काळ्या काचांची मोठी गाडी काढली. पुढच्या सीटवर शेठ, तोंडाला मास्क, डाव्या हातात माइक. तो माइक नुसता दाखवायचा. खरा माइक मागे सुगतकडे. मागच्या दोन सीटांच्या मधल्या जागेत, पाय ठेवायच्या ठिकाणी, तो अंग दुमडून बसला. वरून चादर टाकली. गाडी गावातून फिरायला लागली आणि टपावरच्या भोंग्यातून शेठचा आवाज घुमला.

सुगत पुढे मला म्हणाला होता की इतकं चांगलं काम त्याने आयुष्यात कधी केलं नाही. बाहेर बायका ओवाळायला येत होत्या, म्हातारे हात वर करत होते. चादरीच्या आत त्याला घाम फुटला होता, गुडघे छातीला लागले होते, आणि टाळ्या येत होत्या त्या दुसऱ्या माणसाला.

मंदिराजवळ गाडी थांबली. शकुबाई आडवी आली होती. ती शेठची लहानपणची शेजारीण, दोघं खाडीत चिंबोऱ्या धरत मोठी झालेली. तिने काचेवर थापा मारल्या. ड्रायव्हरने काच चार बोटं खाली केली. तिने मत-बित काही विचारलं नाही. म्हणाली, "हिरामन, तू बरा हायस ना? मना खरा सांग."

मधल्या सीटवर बसलेल्या वैजयंतीने मागे वळून चादरीकडे बघितलं. सुगतने माइक तोंडाशी नेला. आधी खोकला, मग घसा. "बरा हाय, शकू. एकदम बरा हाय मी. तू जा, उनात उबी राहू नको."

भोंग्यातून ते सगळ्या चौकाला ऐकू गेलं. शकुबाईने दोन्ही हात कपाळाला लावले आणि ती बाजूला झाली. सुगतला सीटच्या फटीतून शेठचा चेहरा अर्धा दिसत होता. डोळ्यांखाली मास्क ओला झाला होता. शेठ डाव्या हातातला तो मुका माइक समोरच्या डॅशबोर्डवर हळूहळू आपटत होते, आणि गाडी पुढे निघाली तरी त्यांनी ते थांबवलं नाही.

त्या दिवशी सुगतने पहिल्यांदा बाबांना सगळं सांगितलं. मारोतीबाबा भिंतीला टेकून ऐकत होते. गाडीत कुठं बसला होतास, एवढं एकच त्यांनी मधे विचारलं. सुगतने सांगितलं, सीटच्या खाली, पाय ठेवतात तिथे.

मग बाबा म्हणाले, "लेका, आपुन गाव कशापायी सोडलं? कुनाच्या पायाशी बसायचं नव्हतं मनून सोडलं."

सुगत दुसऱ्या दिवशी वैजयंतीकडे गेला आणि आता बास म्हणाला. तिने त्याला धमकी दिली नाही, आवाजही चढवला नाही. ती म्हणाली की मामांनी तुझ्या आईसाठी जे केलं ते तू फेडावंस असं मी कधीच म्हणणार नाही. फक्त निकाल लागू दे. सुगत म्हणतो, तिने धमकी दिली असती तर बरं झालं असतं, मी पळून तरी गेलो असतो.

वैजयंती निवडून आली. सुगतला वाटलं, आता शेठच्या आजाराचं जाहीर करतील आणि आपण सुटू. पण नव्या नगरसेविकेला रोज अडचणी येत होत्या. ठेकेदार ऐकत नव्हते, गावातली भांडणं मिटत नव्हती, आणि प्रत्येक ठिकाणी शेठचा एक फोन गेला की काम व्हायचं. थोडे दिवस अजून, असं ती म्हणायची. टीव्हीवरचा कार्यक्रम चालूच होता. सुगत दिवसा स्टुडिओत शेठ होता, संध्याकाळी कार्यालयात शेठ होता. त्याच्या स्वतःच्या आवाजात तो दिवसभरात फक्त रिक्षावाल्याशी बोलायचा.

मग गावाने वैजयंतीचा सत्कार ठेवला. शाळेच्या मैदानात मंडप, स्टेजवर मोठा फ्लेक्स. शेठना खुर्चीत बसवून आणलं, मास्क लावलेला, डाव्या हातात तोच मुका माइक. सुगत फ्लेक्सच्या मागे, बांबूंच्या मधे एका प्लास्टिकच्या स्टुलावर. फ्लेक्सला बोटभर भोक पाडून दिलं होतं. शेठचं नाव पुकारलं गेलं, टाळ्या वाजल्या, आणि सुगतने सुरुवात केली. गावाने आमच्या सुनेला आपलं मानलं, वगैरे. वाक्यं वैजयंतीने लिहून दिली होती. कागद वाचायला त्याने मान खाली घातली होती.

तेवढ्यात शेठने हातातला माइक मांडीवर टाकला आणि मास्क ओढून काढला.

आम्ही सगळे समोर बसलो होतो. शेठचं तोंड एका बाजूला ओघळलेलं होतं, ओठ मिटलेले होते, आणि भोंग्यातून त्यांचा धडधाकट आवाज येत होता. काही जण हसले. त्यांना वाटलं शेठ स्वतःच काहीतरी गंमत करतायत. एक वाक्य, दीड वाक्य असं चाललं. मग सुगतने भोकातून बघितलं असावं, कारण आवाज मधेच तुटला.

शेठने शेजारच्या निवेदिकेचा हात धरून तिचा माइक आपल्याकडे ओढला. "आनि," ते म्हणाले. मग परत, "आनि… आनि…" मानेच्या शिरा ताठ झाल्या. पुढचा शब्द येईना. ते थांबले नाहीत. कितीतरी वेळ ते प्रयत्न करत राहिले, आणि मैदानात कोणी खुर्चीसुद्धा सरकवली नाही. शेवटी शकुबाई पायऱ्या चढून वर गेली, तिने पदराने त्यांचं तोंड पुसलं आणि ती त्यांच्या खुर्चीपाशी उभी राहिली.

सुगत बांबूंच्या मागून बाहेर आला, स्टेजवर नाही, मागच्या मागे मैदानात. त्याला बघून आम्हाला सगळं समजलं. मारहाण होईल असं वाटलं होतं. कोणी हात लावला नाही. माणसं फक्त वाट सोडून उभी राहिली, आणि त्या वाटेने तो घरी गेला.

विरोधकांनी तक्रारी केल्या, त्या चालल्या तशा थंडावल्या. वैजयंतीने काही दिवस घराबाहेर तोंड दाखवलं नाही. मग एका सभेत उभी राहिली आणि स्वतःच्या बारीक आवाजात गावाची माफी मागितली. आता ती काम करते, लोक तिला बोल लावतात आणि कामंही सांगतात. वाठोऱ्यांना खोल्या सोडा असं कोणी म्हटलं नाही. मारोतीबाबांनीच नेरूळला एक लहानसं घर बघितलं आणि एका रविवारी टेम्पो आणला.

सुगतने टीव्हीचा कार्यक्रम सोडला. काही महिने त्याने एका इव्हेंटवाल्याकडे साउंडचं काम बघितलं, वायरी गुंडाळल्या. दुसऱ्याच एका कॅफेत जाऊन एकदा बाबांवरचं ते सादर केलं, पूर्ण केलं. पंधरा-वीस माणसं होती. थोडी हसली. कोणी शेठ कर म्हणालं नाही, कारण तिथे त्याला ओळखणारं कोणी नव्हतं. त्या दिवशी तो चालत घरी आला, राजश्री सांगते, आणि पोटभर जेवला.

पण बाकी कोणी त्याला बोलवत नव्हतं. जे बोलवत होते त्यांना तोच आवाज हवा होता; आता तर जास्तच, कारण सत्काराचा प्रकार सगळीकडे पसरला होता. तो नाही म्हणत राहिला. राजश्रीला दिवस गेले, बाबा निवृत्त झाले. ठाण्याकडे शूटिंग होणाऱ्या एका रोजच्या मालिकेत गावच्या पुढाऱ्याचं काम आलं. मोठं काम, वर्षभर तरी चालणारं. अट एकच, आवाज तो पाहिजे.

सुगत घणसोलीला शेठकडे गेला. सत्कारानंतर पहिल्यांदाच. शेठ खिडकीजवळ खुर्चीत होते. त्याने त्यांना आपल्या आवाजात सगळं सांगितलं आणि म्हणाला, तुम्ही नको म्हणालात तर मी घेणार नाही. शेठने त्याच्याकडे बघितलं. मान होकाराची हलली नाही, नकाराचीही नाही. मग ते खिडकीबाहेर, टॉवरांकडे बघत बसले. सुगत तासभर थांबला. शेवटी पाया न पडता, नुसता हात हातात घेऊन निघाला. तो हात गरम होता, एवढंच त्याने राजश्रीला सांगितलं.

त्याने ते काम घेतलं. मालिका संध्याकाळी सात वाजता लागते. घणसोलीत बरेचजण बघतात, मीही बघतो. तो चांगला नट आहे, पण त्याच्या डोळ्यांत काय चाललंय ते त्या पुढाऱ्याच्या पात्रात कुठे बसत नाही.

मध्यंतरी वैजयंतीचा त्याला फोन आला. शेठ रोज मालिका बघतात, ती म्हणाली. सात वाजले की कोणी बोललेलं त्यांना चालत नाही. तो बोलायला लागला की ते त्याच्याबरोबर ओठ हलवतात, शब्द पकडायला बघतात, पण त्याचं बोलणं भरभर असल्याने मागे पडतात.

त्यानंतर सुगत संवाद सावकाश म्हणायला लागला. दिग्दर्शक सेटवर वैतागतो, सीन लांबतोय म्हणतो. सुगत मान डोलावतो, आणि पुढच्या टेकला तेवढाच वेळ घेतो.